फोटो पोचला का?

आम्ही ठाण्यातल्या खोपटच्या बचत गटांच्या बायका. खोपट म्हटलं की एसटीचा स्टँड. आमच्यातल्या निम्म्याअधिक जणींचं माहेर नाहीतर सासर गावाकडं आहे, त्यामुळे तुमचं आमचं नातं त्या स्टँडवरच्या गाड्यांइतकंच जुनं आहे.

आजच्या गप्पांचा विषय वरवर साधा आहे. गटाच्या बैठकीत, फोनवर, वाटेत भेटल्यावर एक प्रश्न रोज ऐकू येतो, "फोटो पोचला का गं?" पासबुकाचा फोटो, ठरावाच्या पानाचा फोटो, पापडाच्या पाकिटाचा फोटो, नातवाचा फोटो. पोचला तर कुणी काही बोलत नाही. नाही पोचला की सगळे म्हणतात, "हिला फोन वापरता येत नाही." या वाक्याबद्दल आम्हाला आज बोलायचंय. फोटो न पोचण्याला एक इतिहास आहे. तो नीट पाहिला तर कळतं की दर वेळी बाईचं चुकलेलं नसतं.

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा बोलणं इतकं महाग होतं की मोबाइल ही साहेब लोकांची वस्तू होती. आलेला फोन उचलला तरी पैसे जायचे. ते २००३ साली थांबले, आणि मोबाइल खऱ्या अर्थानं आपल्या घरात आला. आपण बायकांनी तर त्यातून फुकटचं टपाल तयार केलं: मिस कॉल. एक रिंग म्हणजे गाडी सुटली, दोन म्हणजे पोचलो. ही युक्ती कुठल्या कंपनीनं शिकवली नव्हती.

त्याच काळात एसएमएस आला. इंग्रजी अक्षरांत १६० अक्षरांचा निरोप एका एसएमएसमध्ये मावतो. मराठीत लिहिला तर ७० अक्षरांतच जागा संपते. आपल्या लिपीला यंत्रात जास्त जागा लागते म्हणून हा फरक. म्हणजे मराठीत लिहिणारीला तोच निरोप दुप्पट महाग. मग बायका इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकल्या. ज्यांना तेही जमत नव्हतं, त्यांना वाटायचं, लिहिण्यापेक्षा दाखवता आलं तर बरं.

दाखवायची पहिली सोय नोकियाच्या साध्या फोनांत होती. काळ्या ठिपक्यांचं एक छोटंसं चित्र: पणती, फूल, केक. आडवे ७२ ठिपके, उभे २८. एवढ्याशा चित्राला तीनेक एसएमएस खर्च व्हायचे, आणि समोरचा फोन त्या जातीचा नसेल तर चित्राच्या जागी नुसती गिचमीड अक्षरं दिसायची. पाठवणारीचे पैसे मात्र जायचेच. आपल्या आजच्या गोष्टीचं मूळ इथं आहे. चित्र पाठवणाऱ्या फोनला ते येतं एवढ्यानं भागत नाही. घेणाऱ्या फोनलाही ते कळावं लागतं, आणि मधल्या कंपनीलाही.

२००२ च्या सुमारास जगभर एमएमएस सुरू झाला. कॅमेऱ्याचे फोन नुकतेच येत होते. फोटो काढायचा आणि थेट दुसऱ्याच्या फोनवर पाठवायचा, अशी ती सोय. आपल्याकडच्या कंपन्यांनीही ती दिली. जाहिरातीत एका बोटानं होणारं हे काम घरात मात्र अडायचं. का अडायचं, ते समजून घ्यायला पोस्टाचं उदाहरण घेऊ.

आपल्या नावानं मोठं पार्सल आलं की कधी कधी पोस्टमन ते घरी आणत नाही. चिठ्ठी देतो: तुमचं पार्सल आलंय, येऊन घेऊन जा. एमएमएसचं तसंच. तुम्ही पाठवलेला फोटो आधी कंपनीच्या केंद्रात जाऊन पडतो. तिथून समोरच्या फोनला एक छुपी चिठ्ठी जाते. मग त्या फोननं स्वतः इंटरनेटच्या वाटेनं केंद्रापर्यंत जायचं आणि फोटो उचलून आणायचा. त्यासाठी फोनला तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. एक, कोणत्या दारानं बाहेर पडायचं. त्या दाराच्या नावाला एपीएन म्हणतात. दोन, केंद्राचा पत्ता. तीन, मधल्या फाटकाचा आणि खिडकीचा नंबर, म्हणजे प्रॉक्सी आणि पोर्ट. यातली एक जरी चुकली तरी चिठ्ठी येते आणि पार्सल तिथंच राहतं. फोनवर नुसतं गोल फिरत बसतं.

ही माहिती फोनमध्ये कोण भरणार? कंपनीच्या ओळखीचा फोन असेल तर कंपनी स्वतःच एक निरोप धाडायची. तो साठवून ठेवला की झालं काम. पण ओळखीचा म्हणजे काय? प्रत्येक मोबाइलला १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबलं की तो दिसतो. आत्ता दाबून पाहा. त्यातल्या पहिल्या आठ आकड्यांवरून फोनची जात कळते. ती जात कंपनीच्या यादीत असेल तर माहिती आपोआप यायची. यादीत नसेल तर फोन कितीही चांगला असला तरी कंपनीच्या लेखी तो अनोळखी.

आता विचार करा, यादीबाहेरचे फोन कुणाच्या हातात होते. दुबई-मस्कतला कामाला गेलेल्या भावानं आणलेला. मुंबईच्या बाजारात बिलाशिवाय मिळालेला. मोठ्या आवाजाचा, दोन सिमचा स्वस्त चिनी फोन. घरात नवा फोन आला की जुना बाईकडं यायचा, आणि जुन्याची माहिती पुसलेली असायची. थोडक्यात, घरातला अनोळखी फोन बहुतेक वेळा बाईच्याच हातात.

अशा फोनवर कुणी फोटो पाठवला तर फोटो यायचाच नाही. साधा एसएमएस यायचा: तुमच्यासाठी चित्रनिरोप आहे, अमुक वेबसाइटवर जा, हा पासवर्ड टाका. ज्या बाईच्या फोनवर इंटरनेटच नीट नाही, तिला वेबसाइटवर जायला सांगायचं! मुदत संपली की फोटो तिथूनही जायचा.

मग उपाय हातानंच. मोबाइलच्या दुकानात जायचं. तिथला मुलगा सेटिंगमध्ये शिरून एकेक ओळ टाइप करायचा. बीएसएनएलच्या दाराचं नाव 'बीएसएनएलनेट', एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. व्होडाफोनच्या इंटरनेटचं दार नुसतं 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' आणि एमएमएसचं वेगळं, 'पोर्टलएनएमएमएस'. सगळं इंग्रजी अक्षरांत. एक टिंब राहिलं, मध्ये एक मोकळी जागा पडली, की सगळं फुकट. माहिती भरून झाली की फोन एकदा बंद करून चालू करायचा, आणि पहिला एमएमएस आपणच कुणाला तरी पाठवून पाहायचा. हुशार बायकांनी याहून सोपी वाट काढली. त्याच कंपनीचं सिम असलेला आणि एमएमएस चालणारा शेजारणीचा फोन घ्यायचा, त्याच्या सेटिंगमधलं जसंच्या तसं कागदावर उतरवायचं आणि आपल्या फोनमध्ये भरायचं. रांगोळीचे ठिपके मोजून घेतो तसं. इंग्रजी वाचता येत नसलं तरी अक्षरांचा आकार पाहून उतरवता येतं.

ही अडचण फक्त स्वस्त फोनांची होती असं समजू नका. जगभर गाजलेला आयफोन २००७ साली अमेरिकेत निघाला. त्यात एमएमएसची सोयच नव्हती. भारतात त्याचं पुढचं मॉडेल २२ ऑगस्ट २००८ ला अधिकृतपणे विकायला आलं. किंमत ३१,००० रुपयांपासून पुढे, तरीही एमएमएस नाही! ती सोय जून २००९ मध्ये नव्या सॉफ्टवेअरमधून आली, आणि २००७ च्या पहिल्या मॉडेलला तर तेव्हाही मिळाली नाही. एवढं महाग यंत्र घेतलेल्या साहेबाला जो फोटो पाठवता येत नव्हता, तो साध्या कॅमेऱ्याच्या फोनवाल्याला येत होता. साहेबाला मात्र कुणी म्हटलं नाही की तुम्हाला फोन वापरता येत नाही.

त्याच वर्षी चिनी फोनांवर संक्रांत आली. अनेक स्वस्त फोनांना खरा आयएमईआय नंबरच नव्हता. काहींत नुसती शून्यं, काहींत शेकडो फोनांना एकच नंबर. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला होता. सरकारनं ३० नोव्हेंबर २००९ ही मुदत दिली. त्यानंतर असे फोन बंद. त्याआधी १९९ रुपये भरून फोनमध्ये खरा नंबर बसवून घ्यायची सोय केली होती. ज्यांच्यापर्यंत ही बातमी पोचली त्यांनी करून घेतलं. ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांचा फोन एका दिवसात मुका झाला.

आमच्या ठाण्याची आणखी एक गंमत सांगतो. मोबाइलच्या नकाशात महाराष्ट्र एक नव्हता. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण टेलिफोनची हद्द हा एक विभाग, आणि उरलेला सगळा महाराष्ट्र गोव्यासकट दुसरा. ठाण्यातलं सिम घेऊन बाई गावाला गेली की ती परप्रांतात गेल्यासारखी रोमिंगवर. त्या दिवसांत आलेल्या फोनलाही पैसे, फोटोचं तर विचारूच नका. म्हणून फोटो एसटीनं जायचे. दुकानातून प्रिंट काढून, नाहीतर नखाएवढं मेमरी कार्ड कागदात गुंडाळून गावच्या गाडीत बसणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं द्यायचं. दुसऱ्या दिवशी मिस कॉल यायचा. पोचला.

मग व्हॉट्सअॅप आलं. ते २००९ साली निघालं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आपल्याकडं घरोघरी पोचलं. त्यानं एक मोठं काम केलं. फोटो आता कंपनीच्या त्या केंद्रातून जात नव्हता, साध्या इंटरनेटवरून जात होता. नेट चाललं की फोटो चालला. केंद्राचा पत्ता, फाटक, खिडकी सगळं संपलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि नेटही स्वस्त झालं.

पण मैत्रिणींनो, फाटक गेलं नाही, फाटकावरचा माणूस बदलला. आधी मोबाइल कंपनी ठरवायची की तुझा फोन ओळखीचा की अनोळखी. आता ते अॅप ठरवू लागलं. २१ जुलै २०१७ ला जिओफोन जाहीर झाला. १,५०० रुपये अनामत, बटणांचा, पण फोर-जी नेट चालणारा. खास गरीब घरांसाठी. त्यात जिओचंच सिम चालायचं, आणि व्हॉट्सअॅप नव्हतं! फोनमध्ये कॅमेरा आहे, नेट आहे, पण गटाच्या ग्रुपवर फोटो टाकता येत नाही. ते व्हॉट्सअॅप सप्टेंबर २०१८ मध्ये मिळालं. उलट बाजूनं जुन्या फोनांचा पाठिंबा एकेक करून काढला गेला. नोकियाचे काही जुने स्मार्टफोन २०१७ च्या जूनअखेर, साधे आशासारखे फोन २०१८ च्या अखेरीस, फार जुने अँड्रॉइड फोन १ फेब्रुवारी २०२० पासून. जिओफोन ज्या काईओएस प्रणालीवर चालतो, तिच्यावर २०२४ च्या जूनपासून व्हॉट्सअॅप नव्यानं घेणंच बंद झालं. फोन चालू असतो, बॅटरी टिकते, आवाज स्वच्छ येतो. तरी तो 'चालत नाही'.

फोटो फुकट आणि झटपट झाल्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २०१२ मध्ये खोट्या चित्रांनी आणि निरोपांनी पुणे, बंगळूरू, चेन्नईतल्या ईशान्य भारतातल्या लोकांमध्ये घबराट पसरली. माणसं गाड्या भरभरून गावी निघाली. सरकारला पंधरा दिवस एका वेळी पाचपेक्षा जास्त जणांना एसएमएस पाठवायला बंदी घालावी लागली. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला जे झालं, ते आपण विसरू नये. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. बाजाराच्या दिवशी भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे गरीब, फिरस्ते लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. फोटो पोचणं चांगलं, पण कुठला फोटो पोचवायचा हे आपल्या बोटावर आहे.

आता आम्हाला जे मुख्य म्हणायचंय त्याकडं येतो. पूर्वी फोटो न पोचल्यानं फार तर नातवाचं तोंड दिसायचं राहायचं. आज फोटो हा कामाचा पुरावा झालाय. रोजगार हमीचंच घ्या. हा कायदा देशाच्या आधी, १९७७ साली आपल्या महाराष्ट्रानं केला. हजेरीपट कागदाचा होता. १ जानेवारी २०२३ पासून कामावर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो मोबाइलवरून चढवणं सक्तीचं झालं. डोंगरापलीकडं नेट नसेल, फोन जुना असेल, तर जिनं दिवसभर माती उपसली तिची हजेरी अडते.

अंगणवाडीच्या ताईंनी तर हे सगळं भोगलं. त्यांना सरकारकडून मिळालेल्या मोबाइलची मेमरी २ जीबी होती. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवं अॅप आलं, तेही इंग्रजीत. फोन तापायचे, अडकायचे, अॅप पेलायचं नाही, आणि दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी काय केलं? ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत दिले. "आम्हाला येत नाही" असं त्या म्हणाल्या नाहीत. "हे यंत्र या कामाला पुरत नाही, चांगलं द्या, मराठीत द्या" असं म्हणाल्या. एमएमएसच्या काळापासून जी गोष्ट कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, ती त्यांनी बोलून दाखवली.

आमच्या गटांत यावरून आम्ही काही नियम केलेत. तुम्हाला पटले तर घ्या.

पैशाचा कुठलाही व्यवहार नुसत्या फोटोवर ठेवायचा नाही. फोटोसोबत रक्कम आणि तारीख साध्या एसएमएसनंही कळवायची. एसएमएस अजूनही साध्यातल्या साध्या फोनवर पोचतो. गटाची वही मात्र कागदाचीच, सह्यांसकट.

एखादीकडं फोटो पोचत नसेल तर आधी चार गोष्टी पाहायच्या: नेट चालू आहे का, फोनमधली जागा भरली आहे का, फोनवरची तारीख-वेळ बरोबर आहे का, आणि सिम बदललं असेल तर एपीएन त्याच कंपनीचं आहे का. बरेचदा इथंच उत्तर सापडतं. नाही सापडलं तर फोन जुना झाला असं म्हणायचं, बाई अडाणी आहे असं नाही.

घरात जुना फोन आपल्याकडं येतो तेव्हा घ्यायच्या आधी विचारायचं, यावर व्हॉट्सअॅप चालतं का, किती दिवस चालेल? नवा फोन घेताना दुकानात उभं राहून, आपलं सिम घालून, एक फोटो पाठवून पाहायचा आणि मगच पैसे द्यायचे.

कामाच्या ठिकाणी फोटो चढला नाही तर त्याच वेळी वार, तारीख, वेळ कागदावर लिहून चार जणींच्या सह्या घ्यायच्या आणि ग्रामपंचायतीत अर्ज देऊन पोच घ्यायची. पोच शब्द आपला जुनाच आहे. तो नुसता फोटोला नको, अर्जालाही हवा.

आणि भीती घालणारा फोटो आला की पुढे ढकलायचा नाही. आधी गटात विचारायचं, कुठला, कधीचा, कुणी काढला?

मैत्रिणींनो, पंचवीसेक वर्षांत फोटोची वाट कितीदा बदलली ते पाहिलंत. ठिपक्यांचं चित्र गेलं, एमएमएस मागे पडला, उद्या आज चालतंय तेही जुनं होईल. प्रत्येक वेळी नवी यादी निघेल आणि तिच्यात काही फोन नसतील. त्या फोनांमागे बायका असतात, एवढं यादी करणाऱ्यांना सांगत राहायचं काम आपलं. तुमच्या गावात फोटोवाचून कुणाची हजेरी, कुणाचा आहार, कुणाचं अनुदान अडलं असेल तर येत्या बैठकीत तिचं नाव वहीत लिहा आणि तिच्यासोबत दोघी जणी कार्यालयात जा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!